केळणेच्या काठी परमुलखाची माणसे

लढाई कोणी जिंकली हे बखरकार सांगतो आणि कोणत्या तारखेस जिंकली हे सरकारी दफ्तर सांगते. परंतु ज्या हातांनी ती लढली गेली ते हात कोणत्या मुलखातून आले, आपली शेतीवाडी सोडून शेकडो कोस दूर परक्याच्या निशाणाखाली ते का उभे राहिले, आणि तो मुलूख एके दिवशी दुसऱ्याच्या अंमलाखाली गेल्यावर त्यांच्या धन्याची गत काय झाली, हे प्रश्न आपल्याकडे क्वचितच विचारले जातात. आजच्या जालना जिल्ह्याच्या उत्तर अंगास, केळणा आणि जुई या दोन लहान नद्यांच्या बेचक्यात वसलेले असई हे गाव या प्रश्नांचा विचार करण्यास जितके सोयीचे आहे तितके महाराष्ट्रातील दुसरे ठिकाण मला तरी आढळलेले नाही. 23 सप्टेंबर 1803 रोजी तेथे जे दोन सैन्यसमूह एकमेकांवर तुटून पडले, त्यांतील कवायती पायदळात त्या मातीचा, किंबहुना मराठी मुलखाचाच, माणूस हुडकावा लागावा अशी स्थिती होती. आणि तरीही त्या दिवसाने त्या मातीचे पुढील दीडशे वर्षांचे भवितव्य ठरविले.

पार्श्वभूमी सर्वश्रुत आहे, तेव्हा ती थोडक्यात सांगतो. 31 डिसेंबर 1802 च्या वसईच्या तहाने दुसरा बाजीराव इंग्रजांच्या ओंजळीने पाणी पिऊ लागला, दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांना तो तह मानवला नाही, आणि ऑगस्ट 1803 मध्ये युद्धास तोंड लागले. 12 तारखेस अहमदनगरचा किल्ला पडला. त्याच महिन्याच्या 6 तारखेस हैदराबादेस निजामअली मरण पावला होता. गादीवरील नवा निजाम अद्याप स्थिरावला नाही हे हेरून शिंदे-भोसल्यांच्या फौजा अजिंठ्याचा घाट ओलांडून निजामाच्या मुलखात शिरल्या. जालना शहर व किल्ला तेव्हा शिंद्यांकडे असे. तो कर्नल स्टीव्हन्सनने 2 सप्टेंबरला घेतला. पुढे 21 तारखेस बदनापूर येथे इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली आणि स्टीव्हन्सन यांची गाठ पडून असे ठरले की दोघांनी दोन वेगळ्या वाटांनी जाऊन 24 तारखेस शत्रूवर एकदम हल्ला करावा. वेलस्ली पूर्वेच्या वाटेने निघाला आणि 23 च्या सकाळी नळणीस पोहोचतो तो बातमी आली की शत्रू भोकरदनपासून असईपर्यंत केळणेच्या पलीकडे तळ देऊन बसला आहे. स्टीव्हन्सनची वाट न पाहता त्याने त्याच दिवशी झुंजावयाचे ठरविले.

येथे एक बारीकशी हकीकत आहे, जी स्वतः वेलस्ली म्हातारपणी आवडीने सांगत असे. केळणेस त्या बाजूने उतार नाही असे वाटाड्यांनी निक्षून सांगितले. ते खरोखर अजाण होते की फिरंग्याला वाट दाखविण्याची त्यांची इच्छा नव्हती, हे आता कोण सांगणार? वेलस्लीने दुर्बीण लावून पाहिले तेव्हा त्याला नदीच्या अलीकडे पिंपळगाव आणि बरोबर त्याच्यासमोर पलीकडे वरूड अशी दोन गावे दिसली, आणि त्याने असा तर्क केला की दोन गावे अशी समोरासमोर वसली असतील तर त्यांच्यात येणेजाणे असलेच पाहिजे, आणि येणेजाणे असेल तर उतारही असलाच पाहिजे. तर्क खरा ठरला. ज्या उताराने सासरी-माहेरी जाणाऱ्या लेकीसुना आणि बाजारचे बैल जात-येत असतील, त्याच उताराने त्या दुपारी तोफांच्या माऱ्यात इंग्रजांची पलटणे पार झाली. नदी ओलांडताना वेलस्लीच्या बाजूस असलेल्या एका स्वाराचे मस्तक तोफगोळ्याने उडाले.

आता या दोन सैन्यांची हजेरी घेऊ. वेलस्लीजवळ कवायती फौज होती सुमारे 4,500. तीत अग्रभागी होत्या 74 व 78 या क्रमांकाच्या दोन स्कॉटिश पलटणी. त्यांतील डोंगराळ मुलखातून आलेल्या शिपायांची मातृभाषा इंग्रजी नव्हे, गेलिक. आणि त्यांच्या बापजाद्यांनी 1746 पर्यंत इंग्रज तख्ताविरुद्ध हत्यार धरलेले. त्या साली झालेल्या पराभवानंतर स्कॉटलंडच्या उत्तर भागातील जमीनदारांनी कुळे उठवून त्या जागी मेंढ्या पाळण्याचा जो सपाटा चालविला, त्यामुळे 1792 हे साल तेथील लोकांच्या स्मरणात मेंढ्यांचे साल म्हणूनच राहिले, आणि लगेच पुढच्या वर्षी त्याच भागातील रॉस परगण्यात मॅकेन्झी घराण्याच्या प्रमुखाने 78 वी पलटण उभारली. जमिनीवरून निघालेल्या माणसाला फौजेत भाकरी मिळाली, आणि ती भाकरी खाऊन तो आपल्या केळणेवर आला. त्याच्या पाठीशी मद्रास इलाख्याच्या देशी पलटणी: तेलुगू, तमिळ, दक्षिणेकडील मुसलमान. नदीच्या अलीकडे पहाऱ्यास होते म्हैसूरचे घोडदळ आणि पेशव्यांचे स्वार, ज्यांत बापू गोखले होते.

पलीकडच्या बाजूस शिंद्यांचे जे सुमारे 11,000 कवायती पायदळ होते त्याचा सेनापती पोलमन हा हॅनोव्हरचा जर्मन. गंमत अशी की इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज हाच हॅनोव्हरचाही अधिपती, म्हणजे वेलस्ली आणि पोलमन हे दोघे एकाच राजाचे प्रजाजन होते. आणि त्याच उन्हाळ्यात नेपोलियनच्या फौजांनी हॅनोव्हर व्यापले होते, पण त्याची पोलमनला केळणेकाठी काय तमा! दुसरी एक तुकडी द्युपाँ नावाच्या डच गृहस्थाची, तिसरी सरधन्याच्या बेगम समरूची. परंतु हे अधिकारी मूठभर. प्रत्यक्ष बंदूक खांद्यावर घेतलेला माणूस बहुतांशी पुरबिया, म्हणजे अवध, बनारस, भोजपूर या गंगेकाठच्या दाट वस्तीच्या मुलखातला ब्राह्मण, रजपूत अथवा मुसलमान शेतकरी. शिंदे-भोसल्यांचे मराठी स्वार हजारोंच्या संख्येने बगलेस उभे होते खरे. पण त्या दिवशीच्या निर्णयात त्यांचा वाटा अल्पच राहिला.

लढाईचे वर्णन अनेकांनी केले आहे. पोलमनने आपली सबंध फळी काटकोनात वळवून शत्रूच्या नव्या दिशेस तोंड दिले, ही गोष्ट हिंदी फौजांना जमणार नाही अशी वेलस्लीची समजूत होती. त्या समजुतीची किंमत त्याला मोजावी लागली. एका तुकडीच्या नायकाची वाट चुकून ती थेट असई गावाच्या तोंडाशी गेली, तिच्यामागे 74 वी पलटण गेली, आणि गावाच्या भिंतीआडून झालेल्या माऱ्यात त्या पलटणीचे जवळजवळ सर्व अधिकारी पडले किंवा जखमी झाले. शिंद्यांच्या गोलंदाजांची तऱ्हा तर शत्रूनेही वाखाणली आहे. संगिनी छातीशी भिडेतो ते तोफा सोडीनात, आणि काहीजण मेल्याचे सोंग घेऊन तोफांखाली पडून राहिले व इंग्रजांची फळी पुढे सरकताच उठून त्याच तोफा त्यांच्या पाठीवर फिरवू लागले. सायंकाळपर्यंत 98 तोफा इंग्रजांच्या हाती गेल्या होत्या. परंतु वेलस्लीच्या लहानशा फौजेतील 428 मेले आणि 1,138 जखमी झाले. दौलताबादच्या निजामी किल्लेदाराने या जखमींना आत घेण्याचे नाकारल्यामुळे त्यांचा दवाखाना अजिंठा गावी उघडावा लागला, यावरून दोस्ताची दोस्ती कितपत होती हे दिसते. पुढे वॉटर्लूचा विजेता म्हणून जगभर गाजलेल्या या सेनापतीस, तुमची सर्वांत चांगली लढाई कोणती असे विचारले असता, त्याने असईचेच नाव घेतल्याचे नमूद आहे.

मला मात्र खरा निर्णय असईला झाला असे वाटत नाही. पडलेल्या पलटणी पुन्हा उभारता येतात. महादजी शिंद्यांनी तशा उभारल्या होत्या. द बॉयन्य या सॅव्हॉयच्या सरदारास हाताशी धरून त्यांनी जी कवायती फौज निर्माण केली तिचा पाया होता गंगा-यमुनेच्या दुआबाचा वसूल, जो त्या पलटणींच्या तनख्यासाठी लावून दिलेला होता, आणि त्याच दुआबापासून पूर्वेकडे पसरलेला तो विस्तीर्ण मुलूख, जेथे शेतकऱ्याच्या घरी भाला-बंदूक असे, जेथे सुगी आटोपली की तरुण मुलगा चाकरीस बाहेर पडे, आणि जेथून मोगलांपासून पुढच्या प्रत्येक सत्ताधाऱ्याने शिपाई नेले. मनुष्यबळाची ही खाण ज्याच्या हाती त्याची फौज, आणि ज्याची फौज त्याचे राज्य, असे अठराव्या शतकाचे गणित होते. या गणितात इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी कितीतरी आधीपासून पुढे निघून गेली होती. बनारस तिने 1775 मध्येच घेतले; 1801 मध्ये अवधच्या नवाबाकडून गोरखपूर, रोहिलखंड आणि दुआबाचा खालचा भाग घेतला; आणि असईच्या आधी व नंतर जनरल लेकने 4 सप्टेंबरला अलीगढ, 11 सप्टेंबरला दिल्ली आणि 1 नोव्हेंबरला लासवारी जिंकून शिंद्यांचा उत्तरेतील उरला-सुरला आधार काढून घेतला. त्यानंतर बैसवाड्याचा किंवा भोजपूरचा तरुण घरातून निघाला की त्याच्या वाटेवर पहिली छावणी कंपनीची लागे, आणि तेथे तनखा महिन्याच्या महिन्याला मिळे. पन्नास वर्षांनी, 1857 मध्ये, याच पुरबियांनी कंपनीचे आसन डळमळविले.

दक्षिणेत पेशवाईच्या गुणदोषांची चर्चा करताना आपले लेखक मराठी स्वाराच्या अधःपाताविषयी पुष्कळ लिहितात; ज्याच्या जिवावर उत्तरेत राज्य उभे राहिले तो मनुष्यच आपल्या मुलखातला नव्हता, ही अडचण ते ओलांडून जातात. महादजींनी परके शिपाई ठेवले ही चूक नव्हे, वेलस्लीनेही तेच केले. वॉटर्लूला त्याच्या झेंड्याखाली निम्म्याहून अधिक सैन्य जर्मन आणि नेदरलंड्सचे होते. भेद इतकाच की कंपनी जेथून शिपाई घेई तो मुलूखही ती ताब्यात घेई. दुसरा भेद अधिकाऱ्यांविषयी. 1791 पासून कंपनीने हिंदी स्त्रियांच्या पोटी जन्मलेल्या मुलांना आपल्या मोठ्या चाकरीची दारे बंद केली होती. म्हणून स्कॉटिश बाप आणि रजपूत आई असलेल्या जेम्स स्किनरसारखा कर्तबगार तरुण शिंद्यांच्या फौजेत आला. पण युद्ध जाहीर होताच गव्हर्नर जनरलने इंग्रज प्रजाजनांनी शिंद्यांची चाकरी सोडावी असा जाहीरनामा काढला, शिंद्यांच्या सेनापतीने अशा अधिकाऱ्यांवर अविश्वास दाखविला, आणि स्किनर कंपनीकडे निघून गेला. वंशाच्या आधारे एका पक्षाने ज्याला बाहेर ठेवले, वंशाच्याच आधारे दुसऱ्याने त्याला बाहेर घालविले.

30 डिसेंबर 1803 च्या सुर्जी-अंजनगावच्या तहान्वये अजिंठ्याच्या डोंगरापासून गोदावरीपर्यंतचा शिंद्यांचा मुलूख, जालन्याचा किल्ला व परगणा धरून, इंग्रजांकडे गेला आणि त्यांनी तो निजामास दिला. जालना येथे छावणी पडली, आणि कुंडलिकेच्या काठचे हे व्यापारी गाव लष्करी ठाणे बनले. निजामाची स्वतःची शिबंदीही पंचरंगी: हद्रमौतचे अरब, रोहिले, शीख, हबशी. हबशांचे नाव घेतल्यावर एक विषयांतर क्षम्य ठरावे. त्याआधी दोनशे वर्षे याच टापूत मलिक अंबर या गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या आफ्रिकी पुरुषाने अहमदनगरची निजामशाही जगविली आणि 1610 मध्ये खडकी वसविली; इजिप्तचे मामलूक हे काकेशसमधून विकत आणलेले गुलाम, आणि तेही त्या देशाचे धनी झाले. परंतु विकत आणलेल्या माणसांची सत्ता समुद्रमार्गे होणाऱ्या पुरवठ्यावर तगते. अंबर 1626 मध्ये वारला आणि दहा वर्षांत निजामशाही लयास गेली. याला मोगलांचे बळ कारण होतेच, पण त्याच्यामागे त्याच्या तोडीचा पुरुष उरला नव्हता हेही तितकेच खरे.

जून 1857 मध्ये हैदराबाद कंटिंजंटचे औरंगाबादचे घोडदळ बिथरले, याचे एक कारण असे की आपल्याला दिल्लीच्या बादशहावर चालवून नेणार ही वार्ता त्यांच्या कानी आली होती. बंड तेथेच मोडले. स्कॉट मात्र जालन्यास पुन्हा आले, या खेपेस बायबल घेऊन. स्कॉटलंडच्या फ्री चर्चशी संलग्न असलेले नारायण शेषाद्री, जे 1843 मध्ये मुंबईत ख्रिस्ती झालेले ब्राह्मण होते, त्यांनी जालन्याजवळ बेथेल हे गाव वसविले आणि तेथे प्रामुख्याने मांग समाजातील कुटुंबे आणून बसविली. निजामाचा दिवाण सालारजंग याच्या कारभारात जमीन मिळाली. गावकुसाबाहेरच्या माणसांना निजाम किंवा पेशवा यांपैकी कोणाचाच अंमल कधी आपला वाटला नव्हता, ही गोष्ट या वसाहतीच्या जन्मात दिसते.

पुढचा काळ तलवारीचा उरला नाही, मोजणीचा झाला. निजामाच्या राज्यात पहिली खानेसुमारी 1881 मध्ये झाली आणि प्रत्येक दहा वर्षांनी तीतून एक विलक्षण चित्र समोर येऊ लागले: राजाची जी भाषा आणि जो धर्म, तो राज्यातील अल्पांशाचा. 1941 मध्ये लोकसंख्या सुमारे 1 कोटी 63 लाख; तीत मुसलमान सुमारे 13 टक्के; भाषेने पाहता जवळजवळ निम्मे तेलुगू, पाव हिश्शाच्या आसपास मराठी, बाकी कन्नड व उर्दू. तथापि 1880 च्या दशकात दफ्तराची भाषा फारसीऐवजी उर्दू झाली, आणि उर्दू लिहिणारे कारकून व मुत्सद्दी आले पुन्हा त्याच गंगेकाठच्या प्रांतातून. एटाव्याचे मोहसिन-उल-मुल्क हे त्यांतील थोर नाव. पूर्वी जो मुलूख बंदूकवाला पुरवी तो आता कलमवाला पुरवू लागला. त्यामुळे स्थानिक मुसलमानांतही नाराजी निर्माण होऊन मुलकी आणि गैरमुलकी हा वाद पेटला आणि 1919 मध्ये निजामास मुलकी नियमांचे फर्मान काढावे लागले.

मराठी भाषकांनी आपले माथे मोजावयास सुरुवात केली ती आजच्या जालना जिल्ह्यातच म्हणावी लागेल. हैदराबाद संस्थानातील मराठी लोकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन 1937 मध्ये परतूर येथे गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले. मागण्या सौम्य होत्या. पण सौम्य मागणीमागे जेव्हा चाळीस लाखांची संख्या उभी असते तेव्हा राज्यकर्त्यास तिचा अर्थ बरोबर कळतो. इत्तेहाद-उल-मुसलमीन या संघटनेने त्याला जे उत्तर दिले तेही संख्येच्याच भाषेत होते: राज्य हे प्रत्येक मुसलमानाचे, निजाम हा त्याचा केवळ प्रतिनिधी. धर्मांतराच्या मोहिमा निघाल्या. 1947-48 मध्ये वऱ्हाड-मध्यप्रांतातून मुसलमान निर्वासितांचा ओघ संस्थानात येऊ लागला. तेरा टक्के फार झाले तरी किती वाढतील, हा हिशेब कोणी तरी शांतपणे मांडावयास हवा होता. 13 ते 17 सप्टेंबर 1948 या पाच दिवसांत भारताच्या फौजांनी तो प्रश्न संपविला, आणि नंतरच्या आठवड्यांत मराठवाड्यातील कित्येक गावी ज्या मुसलमान कुटुंबांनी कधी कोणावर राज्य केले नव्हते त्यांच्यावर सूड उगविण्यात आला. सरकारने पाठविलेल्या सुंदरलाल समितीने त्याची चौकशी केली. उस्मानाबाद व नांदेड हे मराठी जिल्हे तिने सर्वाधिक पीडितांत धरले. तो अहवाल दशकानुदशके दडपून ठेवण्यात आला, ही आपल्या सार्वजनिक जीवनास भूषणावह गोष्ट नव्हे.

1955 मध्ये फाजलअली आयोगाने हैदराबाद राज्य मोडण्याची शिफारस केली, 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्रात. ज्या सीमा शिंदे, निजाम आणि कंपनी यांनी फौजांच्या जोरावर ओढल्या होत्या त्या खानेसुमारीच्या मातृभाषेच्या रकान्याने पुसल्या. युरोपात पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाच्या साम्राज्याचे तुकडे पडले तेही अशाच भाषेच्या रकान्याच्या आधारे, आणि तेथेही प्रत्येक नव्या राष्ट्रात एक नवा अल्पसंख्य समाज निर्माण झाला. जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हे औरंगाबादचे व परतूर हा परभणीचा तालुका मिळून 1 मे 1981 रोजी जालना जिल्हा झाला. 2011 मध्ये त्याची लोकसंख्या 19 लाख 59 हजार होती.

छावणी कधीच उठली. तिच्या शहरात आता बियाण्यांच्या कंपन्या आणि लोखंडाच्या भट्ट्या आहेत. त्या भट्ट्यांसमोर सळया ओढणाऱ्यांत बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातून आलेले तरुण पुष्कळ आहेत, म्हणजे ज्या जिल्ह्यांतून पोलमनच्या पलटणी भरल्या गेल्या होत्या त्याच जिल्ह्यांतले. सुगीनंतर घर सोडण्याची रीतही तीच. पुढल्या खानेसुमारीत त्यांतील जे कोणी जालन्यात मोजले जातील आणि मातृभाषा भोजपुरी म्हणून सांगतील, त्यांची ती भाषा सरकारी कोष्टकात हिंदीच्याच बेरजेत जमा होईल, कारण खानेसुमारीच्या दफ्तराचा परिपाठ तसा आहे.